दिवे लागल्यानंतरची सही

बसा असे खिडकीशी. कंदील भरून ठेवलाय, पण उजेड आहे तोवर पेटवायचा नाही. तुम्ही कोल्हापूरहून एवढी वाट तुडवून संपादकांच्या सह्या बघायला आलात, तर आधी या बासनातल्या बघा, त्या दिवसाउजेडी बघायच्या आहेत. समोरच्या भिंतीवर चौकटीत आहे ती मात्र दिव्याला बघायची. तिची गोष्ट अंधार पडेपर्यंत पुरेल एवढी आहे. आणि एकदा ऐकायला बसलात की मध्येच उठून जाता येणार नाही, हे आधीच सांगतो.

ही पत्रं जमवली ती माझ्या वडिलांनी, आप्पांनी. रवळू त्यांचं नाव. खानापूरकडचे आम्ही शेतकरी. जमिनीचे वाटे पडत पडत आमच्या वाट्याला बांधच जास्त आले, तेव्हा आप्पांनी बेळगावच्या कॅम्पात तसबिरींच्या चौकटी करायचं दुकान घातलं. गोऱ्या सोल्जरांचे, त्यांच्या मडमांचे, मडमांच्या कुत्र्यांचेसुद्धा फोटो आप्पांच्या हातून चौकटीत बसले. मी लहानपणी चौकटी चिकटवायच्या सरसाच्या वासात वाढलो. अजून कुठं सरस उकळत असला की मला भूक लागते.

आप्पांना वर्तमानपत्राचं वेड. कुठल्या गावी जुना संपादक हयात आहे असं कळलं की त्याला जोडकार्ड जायचं. अर्ध्यावर आप्पांचा प्रश्न, अर्धं उत्तरासाठी कोरं. प्रश्न तरी काय, तर परवाचं ग्रहण आमच्याकडं दिसेल काय, गुळाचा भाव छापलात तो चुकला काय. संपादक बिचारे उत्तर द्यायचे. हे बघा, या गृहस्थांची सही इतकी वळणदार की नाव काही लागत नाही. हे दुसरे, यांनी लिहिलंय, ‘आधी वर्गणी भरा, मग शंका विचारा.’ आप्पा हे कार्ड गिऱ्हाइकांना वाचून दाखवायचे आणि स्वतःच मोठ्यांदा हसायचे. काय दिवस होते! आता तसं हसणारं माणूस दुकानात नाही, आणि तशी उत्तरं देणारे संपादकही गेले.

पण दुनियेला चौकटी करून देणाऱ्या आप्पांनी या सह्यांना कधी चौकट केली नाही. दुकानात एकच सागवानी चौकट टांगलेली होती, काच बसवलेली आणि आत काही नाही. गिऱ्हाईक विचारायचं, “हे काय रे रवळू?” आप्पा म्हणायचे, “पहिलं पत्र यायचं हाय. ते आलं की मग बाकीच्यास्नी.”

ते पहिलं पत्र कुठलं, हे त्यांनी मला फार उशिरा सांगितलं. त्या वर्षी, पावसाळा सरता सरता, त्यांच्या छातीनं ठरवलं की आता पुरे. डॉक्टर माझ्याशी बाहेर पडवीत हळू बोलायला लागले, तेव्हा आप्पांनाही काय ते कळलंच. एका दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं.

“मष्णू, माझी एक बहीण हुती, नागू. तुला ठावं हाय?”

नाव ठाऊक होतं. त्यापुढं घरात कुणी बोलत नसे.

प्लेगची गोष्ट. बेळगावात उंदीर मरायला लागले तेव्हा आप्पा मिसरूड फुटलेले आणि नागू एवढीशी. आप्पा रात्रशाळेत शिकून आले की तिला पाटीवर अक्षरं काढून द्यायचे. ‘ना’ तिला आला होता. ‘ना’चा काना मात्र ती एवढा उंच ओढायची की पाटीच्या बाहेर जायचा. ‘गू’ उद्या शिकवतो म्हणाले. त्या उद्याला घरच्यांनी तिला जिवाच्या भीतीनं मावशीकडं धाडलं, दूधगंगेच्या काठी, बोरगावजवळ. तिकडं प्लेग नाही म्हणून. आणि मागोमाग प्लेग तिकडंच गेला. मावशी गेली. पोरीला रोग्यांसाठी उभारलेल्या नदीकाठच्या झोपड्यांत नेलं, एवढं कळलं, पुढं काही नाही. वाटा बंद. आप्पांनी निपाणीकडं निघणाऱ्या एका साप्ताहिकाला पत्र लिहिलं. ‘दूधगंगावृत्त’ त्याचं नाव. संपादक बाळगोंडा पाटील, बोरगावचे. पत्र छापून आलं, आप्पांचं नाव पहिल्यांदा छापलं गेलं, आणि त्याखाली एक ओळ होती, ‘तपास करून सहीनिशी कळवू.’

“आलं न्हाय ते,” आप्पा म्हणाले. “म्हणून बाकीच्यास्नी लिहीत बसलो. म्हटलं, संपादक उत्तर देत्यात का न्हाय ते तरी बघू. सगळ्यांनी दिलं रं. त्यांनीच का न्हाय दिलं? ती जगली-वाचली न्हाय हे मला कळतंय. पण शेवटाला तिच्याजवळ कोण हुतं का? एवढंच मला पायजे. तेवढं एक पत्र आण.”

मी कॅम्पातल्या शाळेत मास्तर. सुट्टी काढली आणि निघालो.

निपाणीला सर्व्हिस मोटारीतून उतरलो, तसा तंबाखूचा वास नाकात गेला. वखारींतून जर्द्याची धूळ उडत होती, आणि सगळा गाव त्यात आरामात वावरत होता. मी एकटाच शिंकत होतो. वखारीकडून बोरगावला परतणारी एक रिकामी बैलगाडी मिळाली. दिवस कलायला लागला होता तेव्हा पाटलांच्या दारात पोचलो.

दारातल्या न्हाणीजवळ एक बाई धुणं आपटत होत्या. ज्या दगडावर धुणं आपटत होत्या तो गुळगुळीत, पिवळसर. त्यावर पुसट अक्षरं, सगळी उलटी. मी ओळखलं. जुन्या शिळाप्रेसची शिळा ती. अशा दगडावर उलटं लिहून सुलटं छापायचे. कधीकाळी त्यावर बातम्या होत्या, आता धोतर होतं. मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

बाईंचं नाव चंपाबाई, बाळगोंडा अण्णांच्या सूनबाई. आता तुम्हीच सांगा, दारात उभं राहून ‘म्हातारे आहेत का गेले’ असं कसं विचारायचं? मी आपला म्हणालो, “बेळगावहून आलोय. अण्णांच्या एका पत्राचं काम होतं.”

“मामंजींची कागदं हायत सगळी. त्या बाहेरच्या खोलीत बसा. हे निपाणीस्नं येतील एवढ्यात,” त्या म्हणाल्या. “पण आधी दोन घास खाऊन घ्या. दिवस मावळला की आमच्यात चूल न्हाय.”

जैनांचं घर. दिवसाउजेडी जेवण उरकायचं, हे मला माहीत होतं. भाकरी, डाळ आणि वांग्याची भाजी अशी वाढली की घरची आठवण यावी. मग त्या म्हणाल्या, “मी बस्तीत आरतीला जाऊन येतो. पाणी-बिणी लागलं तर हाळी मारू नका, घरात कुणी न्हाय.” बस्ती म्हणजे त्यांचं देऊळ. सोप्यात माझ्यासाठी एक कंदील पेटवून त्या गेल्या.

बाहेरच्या खोलीत मी एकटा. भिंतीला शिळा एकावर एक रचलेल्या. तेलकट शाईचा वास, ओल्या दगडाचा वास, आणि वर कुठून तरी जर्द्याचा. खिडकीपलीकडं नदी. कोपऱ्यात एक बैठं मेज, त्यावर दौत आणि टाक. भिंतीला पिवळा कागद चिकटवला होता, वळणदार अक्षरात: ‘दिवे लागल्यानंतर या कचेरीत लिहिणे होत नाही.’ मला गंमत वाटली. म्हटलं, एवढ्याशा साप्ताहिकाची कचेरी, पण वेळ बघा कशी पाळायची! आम्ही कॅम्पातली माणसं, आम्हाला पाटी दिसली की कचेरीची वेळच सुचते.

उजेड पार उतरला. नदीवरून किडे यायला लागले. मी कागदांच्या गठ्ठ्याकडं बघत बसलो होतो, आणि केव्हा कोण जाणे, माझ्या ध्यानात आलं की मेजापाशी कुणीतरी बसलं आहे.

मागच्या दारानं आले असतील. डोक्याला पांढरा रुमाल, अंगात बाराबंदी, वाकलेले. तोंड नीट दिसत नव्हतं. मी घाईनं उठून नमस्कार केला.

“कोण?”

“बेळगावहून आलो, अण्णा. खानापूरकडच्या रवळूंचा मुलगा.”

त्यांनी नाव पुटपुटून बघितलं. मग म्हणाले, “रवळू... बहिणीचं इचारलं हुतं.”

माझ्या अंगावर आनंदानं काटा आला. एवढ्या वर्षांनी त्यांना आठवत होतं! मी म्हणालो, “होय, अण्णा. आप्पा अजून उत्तराची वाट बघतात. त्यांचं आता फार दिवसांचं नाही.”

“लिहायला बसलो हुतो. दिवस मावळला. दौत झाकली. म्हटलं सकाळी लिहू... सकाळ काय झाली न्हाय.”

मला वाटलं, म्हातारपणाचं बोलणं. प्लेगनं साप्ताहिक बंद पडलं, घर उठून रानात गेलं, तेच म्हणत असतील. मी म्हणालो, “मग आता लिहा की. दिवा आणतो.”

“आणता?”

त्यांचा आवाज असा आला की मी जागीच थांबलो. त्यात लोभ होता आणि भीतीही.

“या खोलीत... दिवा कुणी आणला न्हाय आजवर.”

मी सोप्यातला कंदील उचलून आणला आणि मेजावर, दौतीशेजारी ठेवला. त्यांनी दौतीचं झाकण काढलं, टाक बुडवला आणि लिहायला लागले. मी उभा राहून बघत होतो. किडे कंदिलावर तुटून पडले होते. काचेवर आपटून कागदावर पडत होते, लिहिण्यावरून चालत होते. आणि टाक त्यांच्या अंगावरून जात होता. एकही किडा चिरडत नव्हता, हलत नव्हता, पंखाला शाई लागत नव्हती. टाक पुढं गेला की ते आपले परत चालायला लागत.

“मी गेलतो झोपडीत,” ते लिहिता लिहिता म्हणाले. “कुणी जात नव्हतं. मी गेलतो. बसलो तिच्यापाशी. एकटी नव्हती ती... अजूनबी न्हाय.”

कंदिलाचा उजेड जिथं संपत होता, तिथं शिळांच्या मागं काहीतरी खरडल्यासारखं वाजलं. दगडावर पेन्सिल ओढावी तसं. एक रेघ, लांब. थांबलं. पुन्हा तीच रेघ.

“अण्णा... तिथं कोण आहे?”

“शिकतीया. एकच अक्षर येतंय. फुडचं शिकवायला मला दिवस मिळत न्हाय.” त्यांनी मान वर केली नाही. “तुम्ही काय करता?”

“मास्तर आहे,” मी म्हणालो. जीभ आवरायला हवी होती, पण इतक्या वर्षांची सवय, कुणी विचारलं की तोंडातून जातंच.

“मास्तर... बरं झालं.”

खरडणं थांबलं. ऐकायला थांबावं तसं थांबलं.

तेवढ्यात बाहेर चंपाबाईंची चाहूल लागली आणि त्यांची हाक आली, “अवो, दिवा आत कुणी नेला?”

मी दाराकडं वळलो. परत बघितलं तर मेजापाशी कुणी नव्हतं. कागद होता, आणि त्यावर ओली सही चमकत होती.

चंपाबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या. किंचाळल्या नाहीत, रागावल्या नाहीत. आत आल्या, कंदील उचलून सोप्यात ठेवला, परत येऊन अंधारात चाचपून दौत झाकली. मी म्हणालो, “अण्णा लिहीत होते.”

“मी सून हून आलो तवाच फोटोला हार हुता मामंजींच्या,” त्या हळू म्हणाल्या. “प्लेगातच गेले ते. झोपडीतल्या माणसांची शुश्रूषा करून आले, ते रात्रीत आजारी पडले. ते हयातभर दिव्याला लिहायचे न्हाईत. किडं दौतीत बुडून मरत्यात, जीवहत्या हुती म्हणून. आमच्यात सगळ्यांस्नी ठावं हाय. म्हणून ह्या खोलीत दिवा कुणी नेत न्हाय. तुम्हास्नी सांगायचं राहिलं, बघा.”

म्हणजे ती पाटी वेळेची नव्हती. बोरगावातल्या शेंबड्या पोरानंही केली नसती ती चूक मी केली होती.

“पत्र... ठेवून जाऊ का?”

त्यांनी कागद उचलून माझ्या हातात दिला. “तुमच्यासाठी लिहिलंय. न्ह्या. त्यांचं राहिलेलं काम झालं. पण हे दिव्याचं लिहिणं हाय. दिव्याला काढू नका.”

दुसऱ्या दिवशी कॅम्पात पोचलो, तेव्हा ऊन होतं. आप्पांना उशीवर टेकवून बसवलं आणि पत्र वाचून दाखवलं. उन्हात शाई फिकट तपकिरी दिसत होती, चाळीस वर्षांपूर्वी वाळल्यासारखी. पत्र एवढंच होतं:

‘रा. रा. रवळू यांस. आपल्या भगिनीचा तपास केला. नागू नदीकाठच्या झोपडीत होती. शेवटी मी तिच्यापाशी बसलो होतो. तिने त्रास काढला नाही. दादा पुढचे अक्षर शिकवणार आहे असे सांगत होती. ती एकटी नाही. उत्तरास विलंब झाला, क्षमा असावी. बाळगोंडा पाटील, संपादक, दूधगंगावृत्त.’

आप्पा रडले. मी त्यांना आयुष्यात रडताना बघितलं नव्हतं. मग डोळे पुसून म्हणाले, “माणूस भला हुता रं. मी उगंच एवढी वर्षं मनात आकस धरला.” आणि मला वाटलं, चला, काम झालं. झोपडीतलं तेवढं सांगितलं, खोलीतलं काही सांगितलं नाही.

पण दिवेलागण झाली तसे म्हणाले, “दिवा आण. मला सही बघू दे. दिसंना मघाशी.”

“सकाळी बघा, आप्पा.”

“सकाळचं मला सांगू नको. आण.”

मरायला टेकलेल्या बापाला नाही कसं म्हणायचं? आणला. पत्र उजेडात धरलं आणि बघतो तर शाई काळीभोर, ओली. सहीच्या खाली, दुपारी जिथं कोरा कागद होता, तिथं एक अक्षर उमटलं होतं. वेडंवाकडं, पोराच्या हातचं. ‘ना’. काना वर चढत चढत अण्णांच्या सहीत घुसला होता.

आप्पांनी त्यावर अंगठा ठेवला. अंगठा काळा झाला. ते हसले, तसेच, कार्ड वाचून हसायचे तसे.

“बघ की रं, काना कुठवर न्हेलाय! लई वेळा सांगितलंतं हिला.” मग थोड्या वेळानं म्हणाले, “फुडचं अक्षर राहिलंय तिचं. मी शिकवतो म्हणालतो.”

आप्पा त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. गेले ते सांजेलाच. घरात कुणीतरी दिवा लावला आणि मी वळून बघितलं तर संपलं होतं. आम्ही त्यांना अंघोळ घातली, अंगठ्यावरची शाई घासून घासूनही निघाली नाही.

पत्र मी त्यांच्याच सागवानी चौकटीत घातलं. पहिलं पत्र आलं होतं ना. वर्षश्राद्धाच्या संध्याकाळी आप्पांच्या तसबिरीसमोर दिवा लावताना त्याचा उजेड या चौकटीवर पडला. ‘ना’च्या पुढं ‘गू’ होता. सुरेख गोल, चुकलेला नाही. आणि शेजारी आप्पांची सही, ‘रवळू’, दुकानाच्या पावतीवर करायचे तश्शी.

मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. पोरगी एकटी नाही, आप्पा तिच्याजवळ आहेत. अशी रात्रशाळा चाललीय म्हटल्यावर बापाचं दुःख तरी किती करणार? आठवण आली की या भिंतीकडं बघतो. पण दिवसा.

दिव्याला मी आता बघत नाही. दिवाळीपासून माझीही छाती भरायला लागलीय. खोकला तुम्ही मघापासून ऐकताच आहात. आणि त्या प्लेगात नदीकाठच्या झोपड्यांत नागूएवढी किती पोरं गेली असतील, हे मी कधी विचारलं नाही. त्यांना पाटी-पेन्सिल कुणी दिली नसणार. एका आप्पांच्यानं किती होणार?

अंधार झाला बघा. लावा आता कंदील, आणि जरा वर धरा, चौकटीजवळ. घाबरू नका, काचेला शाई आतून लागते, बाहेर येत नाही. मला एवढंच बघून सांगा. आप्पांच्या सहीखाली एका नावापुरती जागा होती. कोरीच आहे ना अजून?